चाकांवरच्या घरात आठ दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला "अमेरिकेच्या प्रवासातील गमती सांगा" अशी आज्ञा केली आहे. गमती सांगेनच, परंतु त्या प्रवासात एका संध्याकाळी माझी जी फजिती झाली, ती सांगितल्यावाचून बाकीचे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तेव्हा आधी प्रवास, मग फजिती, आणि शेवटी मंडळापुढे एक लहानशी सूचना, असा माझा बेत आहे.

आमचा मुलगा अॅरिझोना राज्यात फीनिक्स शहरी असतो. २०२३ च्या मे महिन्यात मी आणि हे त्याच्याकडे गेलो. बाहेर पाऊल टाकले तो ऊन अगदी आपल्या सोलापूरचे! मला क्षणभर माहेरी आल्यासारखे वाटले. त्याच वर्षी पुढे जून-जुलैत तेथे सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांवर गेला, म्हणजे आपल्यालाही मागे टाकले म्हणावयाचे. असे असून त्या शहरात लाखो माणसे नांदतात, ती दूरवरच्या कोलोरॅडो नदीचे पाणी सुमारे ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्याने आणल्यामुळे. त्याच्याही कितीतरी आधी होहोकाम नावाच्या लोकांनी तेथे हातांनी कालवे खोदले होते. त्या जुन्या वस्तीच्या अवशेषांवर नवे शहर उभे राहिले, म्हणून त्याला राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचे नाव दिले.

नातीची शाळा सुटताच मुलाने एक आर. व्ही. भाड्याने घेतली. आर. व्ही. म्हणजे चाकांवरचे घर. आपल्या एस. टी.हून थोडे लहान. आत ओटा, गॅसची शेगडी, फ्रीज, झोपण्याच्या जागा, न्हाणी आणि संडास. खाली तीन टाक्या: एक चांगल्या पाण्याची, दुसरी मोरीच्या सांडपाण्याची, तिसरी संडासाची. चांगल्या पाण्याच्या टाकीत दीडशे लिटर पाणी मावे, आणि आम्ही माणसे पाच. मी सोलापुराहून कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि मेतकूट नेले होते. कडक भाकरीला ना शेगडी लागते, ना पाणी. या घरासाठीच ती जन्माला आली असावी!

पहिला मुक्काम लास व्हेगासचा. या नावाचा स्पॅनिश भाषेतील अर्थ 'कुरणे'. पाऊस म्हणाल तर वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर. आपण ज्याला दुष्काळ म्हणतो त्याहूनही कितीतरी कमी. आणि रस्त्यावर पाहावे तर कारंजी नाचताहेत! मी म्हटले, "काय ही उधळपट्टी!" तेव्हा सून म्हणाली, "आई, दिसते तसे नाही. येथे घरात वापरलेले जवळजवळ सगळे पाणी शुद्ध करून पुन्हा तलावात सोडतात. केवळ शोभेची हिरवळ काढून टाकावी म्हणून पैसे देतात." २०२१ साली तेथे कायदाही झाला की, रस्त्याकडेच्या व कचेऱ्यांपुढच्या शोभेच्या हिरवळीला २०२७ पासून नदीचे पाणी घालावयाचे नाही. मी गप्प राहिले. पण मनात म्हटले, ही कालची पोर सोलापूरच्या बाईला पाणी शिकवते!

दुसऱ्या दिवशी हूव्हर धरण पाहिले. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले; त्यांना देवळात आल्यासारखेच झाले. १९३१ ते १९३६ या काळात बांधलेले, २२१ मीटर उंचीचे ते धरण दोन कड्यांच्या बेचक्यात बसवले आहे. पण माझे लक्ष गेले ते तलावाच्या काठच्या खडकांकडे. पाणी जेथपर्यंत असे तेथपर्यंत पांढरा पट्टा उमटला होता, जसा आपल्या हंड्याला आतून क्षार धरतो तसा. २०२२ च्या जुलैत हा तलाव १९३० च्या दशकात भरल्यापासूनच्या सर्वांत खालच्या पातळीला गेला होता. "उजनी मायनसमध्ये गेली" ही बातमी वाचून ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांना हा पट्टा समजावून सांगावा लागत नाही. हे म्हणाले, "१९२२ साली सात राज्यांनी नदी वाटून घेतली, तेव्हा तिच्यात जितके पाणी धरले, तितके पुढे येईनाच. कागदावरचे पाणी जास्त, नदीतले कमी."

तेथून झायनच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो. तांबूस-पिवळे कडे, आणि तळाशी व्हर्जिन नावाची एवढीशी नदी. तिनेच हे सारे कापले, यावर विश्वास बसत नाही. उद्यानातील मुक्कामात गाडीला वीज जोडता येई, नळ मात्र जोडता येत नसे.

येथे माझी फजिती झाली. मुलगा, सून आणि हे चालावयास गेले. मी आणि नात मागे राहिलो. मला रिकामे बसवेना. आधी तांदूळ चार पाण्यांनी धुतले, मग भांडी वाहत्या पाण्याखाली विसळली, मग माझी दोन पातळे आणि नातीचे कपडे न्हाणीत धुऊन काढले. शेवटच्या पिळ्याला नळ फुसफुसला आणि बंद पडला. तेवढ्यात न्हाणीच्या जाळीतून साबणाचे पाणी उलटे वर आले. सांडपाण्याची टाकी भरली होती आणि चांगल्या पाण्याची रिकामी झाली होती. दोन दिवसांचे पाणी मी तासाभरात संपवले होते.

चालून आलेली माणसे घामाघूम होऊन दारात उभी. आंघोळीला थेंब नाही. मुलगा काही बोलला नाही. सून एवढेच म्हणाली, "आई, इथे नळ नाही, टाकी आहे." तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून तर ते अधिक लागले. मी काहीतरी फाडकन बोलणारही होते. पण नातीने कॅन उचलला आणि म्हणाली, "आजी, चल, तिकडे सार्वजनिक नळ आहे." आम्ही दोघी अंधारात चार खेपा घातल्या. लहानपणी आईबरोबर कळशी घेऊन जात असे, त्याची आठवण झाली. तेव्हा आम्ही एका कळशीत स्वयंपाक उरकत असू. ते मी केव्हा विसरले? दिवसाआड का होईना, पण घरात नळ आला आणि गच्चीवर मोठी टाकी बसली, त्या दिवशी विसरले असणार. रात्री मी सुनेला म्हटले, "चूक माझी झाली." ती हसली आणि म्हणाली, "पहिल्या वेळी माझीही अशीच झाली होती." त्या रात्रीपासून आमच्या दोघींमधले काहीतरी सैल झाले.

पुढे ब्राइस कॅन्यन पाहिले. आठ-नऊ हजार फुटांवरची जागा. सोलापूरच्या उन्हातून आलेल्या आम्ही स्वेटरवर शाल घेतली. वर्षातून दीडशेहून अधिक रात्री खडकाच्या भेगांत पाणी गोठते, दिवसा वितळते, आणि त्यानेच खडक फुटून हजारो सुळके उभे राहिले आहेत; जणू पंढरीच्या वाटेवर वारकरी दाटलेले. ब्राइस हा तेथे राहिलेला एक शेतकरी. येथे गाय हरवली तर काही खरे नाही, असे तो म्हणे, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडच्या गवळ्याला ते चटकन पटेल.

नंतर नावाहो लोकांच्या मुलखातून गेलो. या लोकांना १८६४ साली सैन्याने शेकडो मैल पायी चालवून घराबाहेर काढले होते. १८६८ च्या तहाने ते परतले. त्यांच्या बायका उभ्या मागावर लोकरीची घोंगडी विणतात. विणकाम त्यांना कोळी-देवतेने शिकवले, अशी त्यांची श्रद्धा. रस्त्याकडेला एक म्हातारी घोंगडी मांडून बसली होती. मी सोलापूरची, बोटे आपोआप किनारीकडे गेली. सुनेमार्फत तिला सांगितले की, आमच्या गावच्या चादरी देशभर जातात. तिने माझे हात हातात घेऊन पाहिले. पाण्याचे विचारले, तेव्हा तिने ट्रकवरची टाकी दाखवली. किती मैलांवरून ते पाणी भरून आणतात! त्या मुलखातील जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या घरांत आजही नळ नाही, आणि नदी तर त्यांच्या सीमेवरून वाहते. आम्ही परतीच्या तयारीत असताना, त्याच जूनमध्ये, त्यांना पाणी मिळवून देण्याचे बंधन तहाने सरकारवर येत नाही, असा तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला.

शेवटी ग्रँड कॅन्यन. ४४६ किलोमीटर लांब, दीड किलोमीटरहून खोल. काठावर उभे राहिल्यावर आम्ही पाचही जण कितीतरी वेळ बोललो नाही. समोरच्या शिखरांची नावे ऐकून मात्र मी चकित झाले: ब्रह्मा, विष्णू, शिव! एकोणिसाव्या शतकात डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाला ती देवळांसारखी भासली आणि तेथून ही नावे ठेवण्याची पद्धत पडली. अगदी तळाच्या खडकालाही विष्णूचेच नाव आहे. तो सुमारे १७५ कोटी वर्षांचा. आपला दख्खनचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे त्याच्यापुढे तान्हे बाळच. एवढ्या अजस्र दरीच्या काठी राहणाऱ्यांचे पाणीदेखील पलीकडच्या कड्याखालच्या झऱ्यातून नळाने येते, आणि तो नळ वरचेवर फुटतो. जलवाहिनी फुटली, आज पाणी नाही! हे वाक्य ऐकून मला घराची फार आठवण झाली.

भगिनींनो, घरी परतल्यावर आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या बाई म्हणाल्या, "ताई, उद्या टँकर येणार, उशीर होईल." पूर्वी मी अशा वेळी कुरकुरत असे. त्या दिवशी मला ट्रकवरची टाकी दिसली. माझ्या घरी दोन हजार लिटरची टाकी भरलेली, आणि तिच्या घरच्या चार घागरींसाठी मी तिला खाडे मोजून दाखवीत होते! हे बोलावयास मला लाज वाटते, पण बोलले पाहिजे.

सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांच्या श्रमातून तळे खोदविले, असे आपली परंपरा सांगते. आपल्याला तळे खोदावयाचे नाही. माझी सूचना इतकीच. प्रत्येक घराने एक दिवस गच्चीच्या टाकीची चावी बंद करून दीडशे लिटर मोजून घ्यावे आणि तेवढ्यात दिवस काढून पाहावा. पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी नळाचे वायसर वाण द्यावेत, आणि मंडळाच्या खर्चाने एक नळकारागीर दोन दिवस घरोघर फिरवावा. आणि टँकरच्या दिवशी कामाला येणाऱ्या बाईचा उशीर हा उशीर मानू नये.

आमची नात अजून फोनवर विचारते, "आजी, टाकी किती भरली?" आपणही आता एकमेकींना तेच विचारीत जाऊ.