आत्या विसरतात तेव्हा

बायांनो, माझ्या सासूबाईंची ही गोष्ट. त्यांना मी आत्या म्हणते.

वर्षभर झालं, आत्यांना विसर पडतो. जेवण होतं, ताट घासून होतं, अन् त्या शेजारी जाऊन सांगतात, "सुनेनं मला वाढलंच नाही." आधी मी भांडले. चारचौघांत त्यांना खोटं पाडलं. चूक झाली. जेवल्याची आठवणच राहत नाही, तर त्या खोटं कुठं बोलतात? आता मी म्हणते, "बसा आत्या, वाढते." वाटीभर लाह्या देते. गप्प होतात.

घरचे म्हणतात, म्हातारपण आहे. पण रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी झालं किंवा थायरॉईड ग्रंथी मंदावली, तरी विसर पडतो. त्यावर औषध आहे. मेंदू झिजवणारा आजारही असू शकतो. तपासल्याशिवाय कसं कळावं?

"मी काय वेडी आहे का?" म्हणून आत्या दवाखान्याला नाही म्हणतात. गुडघा मात्र खरंच दुखतो. तो दाखवायला येईन म्हणाल्या.

काय विसरतात, कधीपासून, गोळ्या कोणत्या, हे सगळं मी वर्गाच्या वहीत लिहिलं आहे. अक्षर वेडंवाकडं आहे, पण डॉक्टरांना वाचता येईल.

सोमवारी जायचं आहे.