अधांतरी तार



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर शाळकरी मुलांना उभे करण्याचे धाडस चालकांनी केले, त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. शाळेत इलेक्ट्रॉनिक्स आणि कोडिंग शिकलो त्याची हकीकत सांगा, अशी आज्ञा आहे. हकीकत थोडी ओशाळवाणी आहे.

आमच्या प्रयोगशाळेत आर्डुइनो नावाचा बोर्ड आहे. २००५ साली इटलीतील इव्रेआ गावी, डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हाताळता यावा म्हणून तो तयार झाला. तळहाताएवढा, पण त्याच्या घड्याळाचे ठोके सेकंदाला १ कोटी ६० लाख! एवढ्या वेगाने तो करतो काय, तर आपण लिहिले तेवढेच. आपल्या मनातले त्याला कळत नाही. हे समजायला आम्हांला एक सहामाही लागली.

विज्ञानप्रदर्शनासाठी आम्ही टाकी भरली की वाजणारा भोंगा करावयास घेतला. टाकीत वरच्या बाजूला दोन तारा. पाणी तिथवर चढले की एकीतून दुसरीत वीज जाणार, बोर्डाला ५ व्होल्ट दिसणार, भोंगा वाजणार. पण टाकी कोरडी असतानाही तो वाजे. नुसता हात जवळ नेला तरी वाजे! प्रोग्राम किती वेळा बदलला याची गणती नाही. अखेर उद्घाटनाच्या सकाळी आम्ही पाण्याचा संबंधच तोडला आणि बोर्डाला लिहून दिले : १० सेकंद थांब, मग वाज. पाहुण्यांसमोर तेवढ्याच वेळात पाणी ओतले. टाळ्या पडल्या. ढाल मिळाली.

बोर्डाने बिचाऱ्याने सांगितले तेच केले, लबाडी आमची. उत्तर चुकले की गुण जातात, तेव्हा चूक झाकावी, हे आम्ही पहिलीपासून न शिकवता शिकलो होतो.

सुट्टीत पुन्हा तारा उलगडल्या. दोष प्रोग्राममध्ये नव्हताच. पाणी नसताना बोर्डाकडे जाणारी तार कशालाच जोडलेली नव्हती. अशी अधांतरी तार आसपासच्या विजेच्या वायरींची चाहूल टिपते, आणि बोर्डाला कधी शून्य दिसते, कधी पाच. ती तार १० लाख ओहमच्या रोधातून बोर्डाच्या ऋण टोकाला जोडली. भोंगा गप्प झाला, आणि पाणी चढल्यावरच वाजला. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा तो रोध!

सरांना सगळे सांगितले. ते जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ढाल परत करायची का, ते तुम्हीच ठरवा." आमच्यांत दोन तट पडले आहेत. अजून ठरलेले नाही.