आकाशवाणी, संगीत आणि अभिरुची
(सुवर्णमहोत्सवी संमेलनात केलेले भाषण)



पीण्याच्या यंत्रांच्या घरघरीत संगीताविषयी बोलावे, हे कोणास विसंगत वाटेल. परंतु 'आकाशवाणी' हे नाव याच कर्नाटकाची देणगी आहे. 1935 साली म्हैसूरला प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी स्वतःच्या घरी प्रक्षेपण केंद्र उभारले. त्या केंद्राचे हे नाव पुढे देशाच्या नभोवाणीने स्वीकारले.

1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. ते जन्माने पुणेकर आणि अभिजात संगीताचे निस्सीम उपासक. त्याच वर्षी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि थोर कलावंतांचे गायनवादन, मैफलीच्या दारापर्यंतही ज्यांना जाता येत नसे, त्यांच्या घरी पोहोचले. हे ऋण आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. मात्र चित्रपटगीते केसकरांस रुचत नसत. त्यांवर मर्यादा आली, निर्मात्यांशी बेबनाव झाला आणि ती गीते आकाशवाणीवर जवळजवळ ऐकू येईनाशी झाली.

परिणाम काय झाला? श्रोत्यांनी रेडिओचा काटा फिरवून सिलोन लावले! अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' घरोघरी पोहोचली. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी आकाशवाणीलाच 'विविध भारती' सुरू करावी लागली. सरकारी सेवेत उमर घालविलेल्या आम्हांस हे पुरते ठाऊक आहे की, आदेशाने फाईल हलते. मन हलत नाही.

त्याच कालखंडातील दुसरे चित्र पाहा. 1953 साली सुरू झालेल्या पुणे केंद्रावर सीताकांत लाड हे कार्यक्रम अधिकारी होते. त्यांच्या आग्रहावरून ग. दि. माडगूळकरांनी 'गीतरामायण' लिहावयास घेतले आणि सुधीर फडके यांनी त्यास स्वरसाज चढविला. 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीस, पहिले गीत प्रसारित झाले. मग दर आठवड्यास एक नवे गीत. त्या वर्षी अधिक मास आल्याने संख्या 56 झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारख्यांचे स्वर त्यास लाभले. येथे कोणावर सक्ती नव्हती, कशावर बंदी नव्हती. तरीही लोक आपण होऊन रेडिओभोवती जमत.

एकाच संस्थेच्या या दोन अनुभवांतून आम्हांस एकच बोध होतो. अभिरुची बंदीने घडत नाही, उत्तम निर्मितीने घडते.

आज आपली मुले कानांत यंत्रे घालून कानडी, हिंदी, इंग्रजी गाणी ऐकतात, आणि "मराठी काही उरले नाही" असा सुस्कारा आपण टाकतो. त्यांस रागावू नका. रागावलात तर तीही आपापले सिलोन शोधतील. त्यापेक्षा त्यांच्या हाती काही द्या. गणेशोत्सवात त्यांना स्वतः चाली बांधू द्या, कानडी मित्रांस सोबत घेऊन गाऊ द्या. धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांनी कन्नड वचने गाइली आणि मराठी रसिकांचे प्रेमही मिळविले. स्वरांस सीमा कोठली?

पन्नास वर्षे या मंडळाने मराठी माणसे जोडली. पुढील पन्नास वर्षे टिकावयाचे, तर मुलांस आपल्या कार्यक्रमांचे श्रोते नव्हे, कर्ते करावे लागेल. एवढेच आमचे मागणे.