जुनी बंदूक घेतांना

बंदूक जुनी झाली म्हणून टाकाऊ होत नाहीं. नीट सांभाळलेली दुनळी आजोबांच्या मागें नातवाच्याहि हातीं चांगलें काम देते. आणि हयगय झालेली बंदूक थोड्याच वर्षांत मालकाची वैरीण होते. म्हणून वापरलेली बंदूक विकत घेणें हा केवळ किंमतीचा प्रश्न नव्हे. तो घेणाराच्या हातांचा आणि डोळ्यांचा प्रश्न आहे.

सोलापूरकडील शिकाऱ्यांस पूर्वीं एकच बंदूक सर्व कामांस पुरावी असें वाटे. हिवाळ्यांत तलावावर बदकें, माळावर तितर व लावे, आणि रात्रीं ज्वारींत शिरणारें रानडुक्कर, असा तिचा संसार. माळढोकासारखा रुबाबदार पक्षीहि तेव्हां शिकारच मानला जाई. ती दुनिया आतां राहिली नाहीं. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस आळा घातला. १९९१ सालच्या दुरुस्तीनें परवान्यावरील शिकारहि बंद झाली. १९७९ सालीं नान्नजच्या परिसरांत माळढोकाकरितां अभयारण्य जाहीर झालें, तरी आज त्या माळावर त्याचें दर्शनहि दुर्लभ झालें आहे. पिकांची नासधूस करणाऱ्या जनावरावरहि अधिकाऱ्याच्या लेखी हुकुमावांचून बार टाकतां येत नाहीं. तेव्हां उपयोग उरले ते तीन: वस्तीवरील घराचें संरक्षण, हुकूम मिळाल्यास पिकाची राखण, आणि मैदानावर उडत्या मातीच्या तबकड्यांवर नेमबाजी. या तिन्हींस पुरेल तीच आजची सर्वोपयोगी बंदूक.

अशा बंदुकीस १२ बोर सर्वांत सोयीचा. एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या तर एका गोळीचा जो व्यास, तोच या नळीचा; म्हणजे सुमारें साडेअठरा मिलिमीटर. त्याचीं काडतुसें आपल्या देशांतच होतात व सहज मिळतात. मात्र एका घरांत १२ व २० बोरचीं काडतुसें एकत्र ठेवूं नयेत. २० बोरचें काडतूस १२ बोरच्या नळींत घसरून पुढें अडकतें. नळी रिकामी समजून मागें दुसरें भरून चाप ओढला कीं नळी फुटते.

परीक्षा नळीपासून सुरू करावी. आधीं बंदूक उघडून ती रिकामी आहे याची खात्री करावी. मग नळ्या दस्त्यापासून सोडवून उजेडाकडे धराव्या व दोन्ही टोकांकडून आंत पाहावें. चांगल्या नळींत प्रकाशाचीं कडीं गोल व अखंड दिसतात. कडें एके ठिकाणीं मोडलेलें दिसलें तर तेथें पोचा आहे किंवा नळी फुगलेली आहे. काळे ठिपके म्हणजे गंजानें पडलेले खड्डे. ते घासून नाहींसे करतां येतात. पण प्रत्येक घासणीनें नळी पातळ होते. म्हणून आरशासारखी चमकणारी जुनी नळी पाहून भुलूं नये. कारागिराकडून नळीची जाडी मोजून घ्यावी. नंतर नळ्या बोटावर टांगून हलकेंच टिचकी मारावी. घंटेसारखा नाद निघाला तर डाग घट्ट आहेत. बद्द आवाज आला तर कोठेंतरी जोड सुटला आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट डोळ्यांस दिसत नाहीं. पुष्कळ जुन्या विलायती बंदुकांत काडतुसाचें घर अडीच इंच, म्हणजे सुमारें ६५ मिलिमीटर, लांबीचें असतें. आजचें पुष्कळसें काडतूस ७० मिलिमीटरचें. ही लांबी बार उडाल्यावर तोंड उलगडलेल्या काडतुसाची असते. त्यामुळें न उडालेलें ७० मिलिमीटरचें काडतूस ६५ च्या घरांत अगदीं सहज बसतें आणि येथेंच माणूस फसतो. चाप ओढल्यावर त्याचें तोंड अरुंद भागांत उलगडतें, वाट आंवळते व नळींतील दाब वाढतो. ‘काडतूस बसलें, म्हणजे चालेल’ हा समज म्हणूनच घातक होय. लंडन व बर्मिंगहॅम येथील परीक्षागृहांच्या खुणा नळ्यांच्या बुडाशीं खालच्या अंगास असतात. नळी धुराच्या काळ्या दारूकरितां तपासली होती कीं निर्धूर दारूकरितां, हें त्यांवरून कळतें. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून केलेल्या नक्षीदार नळ्या दिसावयास सुंदर. परंतु निर्धूर दारूची खूण नसेल तर त्या भिंतीवरच शोभतात.

त्यानंतर सांधे पाहावे. नळ्यांखालचें लाकूड काढून बंदूक बंद करावी व दस्ता धरून हलवावी. खडखड झाली किंवा दिव्यासमोर धरल्यावर बंद फटींतून उजेड दिसला, तर बिजागरी झिजली आहे. घोडे रिकाम्या नळीवर उगाच पाडूं नयेत; खोटें काडतूस घालून पाडावे. घोडा चढवून दस्ता चटईवर आपटला असतां घोडा पडला, तर त्या बंदुकीस घरांत थारा देऊं नये. दस्त्याच्या मनगटाजवळची चीर लाखेखालीं दडलेली असूं शकते, तेंहि निरखावें.

शेवटीं ती आपल्या अंगास बसते काय हें पाहावें. डोळे मिटून रिकामी बंदूक खांद्यास लावावी व मग डोळे उघडावे. नजर नळ्यांच्या मधल्या पट्टीवरून सरळ माशीवर गेली तर दस्ता मापाचा. नळीचें तोंड किती आंवळलें आहे हें मान्य मैदानावर कळतें. ४० यार्डांवर कागद लावून बार टाकावा व छर्‍यांच्या गर्दीभोवतीं ३० इंच व्यासाचें वर्तुळ काढून आंतील छर्रे मोजावे. शेंकडा ५० च्या आसपास छर्रे आंत आले तर तोंड मोकळें, ७० आले तर पूर्ण आंवळलेलें. सर्व कामांकरितां एक नळी मोकळी व दुसरी मध्यम, शेंकडा ६० ची, असावी.

बंदूक पसंत पडली तरी व्यवहार लगेच होत नाहीं. घेणाराजवळ आधीं परवाना हवा. १९५९ सालच्या शस्त्र कायद्याप्रमाणें खाजगी मालकानें घेणाराचें नांव व पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यास अगर जवळच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवावा, आणि त्यानंतर निदान ४५ दिवस थांबावें. बंदुकीवरील क्रमांक परवान्यावरील क्रमांकाशीं ताडून पाहावा. खोडलेल्या क्रमांकाची बंदूक फुकट मिळाली तरी महाग. २०१९ सालच्या दुरुस्तीनें सामान्यतः एका व्यक्तीस दोनच बंदुका ठेवतां येतात व वारसाहक्कानें आलेलीहि त्यांत मोजली जाते. त्याच दुरुस्तीनें लग्नावरातींत बार उडवून इतरांचा जीव धोक्यांत घालणें हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरला.

विकणारा कारागिराचें नांव, चांदीची वेलबुट्टी व पूर्वीच्या मालकाचा मान यांचें मोल सांगत असतो. घेणारानें मात्र नळीची जाडी, काडतुसाच्या घराची लांबी आणि सांध्याची घट्टी यांचेंच मोल द्यावें. या तिहींपैकीं एकाविषयींहि शंका उरली तर ती बंदूक परत करावी. दुसरी बंदूक मिळते. गेलेला डोळा मिळत नाहीं.