शिट्टी कुणाच्या हातात?



‘पाचामुखी परमेश्वर’ असं आपण सहज म्हणून जातो. ती पाच मुखं कुणाची, हे मात्र विचारत नाही. पंच म्हटलं की पुरुषच डोळ्यांसमोर येतो, मग तो जातपंचायतीतला असो की मैदानावरचा. मी मेलबर्नला राहते आणि सुट्टीच्या दिवशी मुलांच्या फुटबॉल सामन्यांत गोल पंच म्हणून उभी राहते. म्हणून आज पंचांविषयीच बोलते.

तिथला हा फुटबॉल वेगळा आहे. चेंडू लंबगोल, मैदानही लंबगोल, दोन्ही बाजूंना अठरा-अठरा खेळाडू. चेंडू लाथेनं मारायचा, हातांनी झेलायचा, समोरच्याला धरून पाडायचंसुद्धा! मोठ्या लीगमधला मैदानी पंच एका सामन्यात बारा-पंधरा किलोमीटर धावतो. अनेक पंच एरवी दुसरी नोकरी करत आले आहेत. सरावासाठी वेळ काढायचा तो त्यातूनच. घरचं सगळं उरकून असा वेळ काढणं बाईला किती जड जातं, हे तुम्हांला सांगायला नको.

तरीही बायका तिथं पोचल्या, पण आधी कडेला. २०१२च्या अंतिम सामन्यात चेल्सी रॉफी गोल पंच होती. अंतिम सामन्यातली ती पहिली स्त्री पंच. गोल झाला की दोन झेंडे हलवायचे, हे तिचं काम. शिट्टी हातात घेऊन खेळाडूंच्या मधोमध धावणारी बाई दिसायला मात्र २०१७ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी २१ मे रोजी मेलबर्नमध्ये इसेंडन आणि वेस्ट कोस्ट यांच्या सामन्यात एलेनी ग्लुफ्ट्सिस मैदानी पंच होती. पेशानं ती शिक्षिका. स्पर्धा सुरू झाली १८९७ साली. म्हणजे १२० वर्षं लागली! बायकांची स्वतंत्र लीगही त्याच २०१७ साली सुरू झाली.

आता पहिली बाई आली, टाळ्या वाजल्या, झालं का काम? नाही. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी स्त्री पंचांशी बोलून एक अहवाल तयार केला होता. २०२२ मध्ये तो वर्तमानपत्रांतून बाहेर आला. त्यात काय होतं? लैंगिक छळ, नको ते स्पर्श, शेरेबाजी, कपडे बदलायला धड जागा नसणं. गावोगावच्या मैदानांवरच्या मुली या साऱ्यातून जात होत्या. त्यांतल्या किती जणींनी शिट्टी खाली ठेवली असेल!

दुसरी गोष्ट नियमांची. मैदानी पंचानं चेंडू जमिनीवर जोरात आपटून उंच उडवायचा आणि खेळ सुरू करायचा, ही जुनी रीत. निर्णय अचूक देता येतो, पण चेंडू सरळ उडवता येत नाही, अशा पंचांची वाट तिथंच अडायची. २०२६ पासून मधल्या वर्तुळातली ही रीत बंद करून चेंडू हातानं वर फेकायचा, असं लीगनं २०२५ मध्ये जाहीर केलं. यातून आपण एक शिकायला हवं. कुठल्याही पदासाठी कसोटी लावली जाते, तेव्हा विचारावं : ही कसोटी कामाची आहे, की नुसती परंपरेची?

आपल्याकडे नवी मुंबईची वृंदा राठी २०२३च्या जानेवारीत रणजी सामन्यात पंच म्हणून उभी राहिली. तिच्याबरोबर त्या हंगामात आणखी दोघी होत्या. खेळणारी बाई लोक आता थोडीफार सहन करतात. निर्णय देणारी आणि तो न बदलणारी बाई मात्र अजून खुपते. आपल्या सरपंच मैत्रिणींना हे चांगलं ठाऊक आहे. खुर्ची तिची आणि निर्णय नवऱ्याचा, असं अजूनही घडतंच ना?

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे. तुमच्या गावात, शाळेत कबड्डी-खोखोचे सामने होतील, तेव्हा मुलींचे संघ उभे कराच. पण पंच कोण, हेही विचारा. कपडे बदलायला खोली आहे का, तक्रार कुणाकडे करायची, हे आधी ठरवून घ्या. आणि मग शिट्टी एखाद्या मुलीच्या हातात द्या. तिनं ती वाजवली की सगळ्यांनी थांबायचं. तिच्या बापानंसुद्धा.