फुलांच्या खालची माती


साताऱ्याजवळचं कास पठार आपल्याला ठाऊक आहे ते फुलांमुळे.
आज जरा फुलांच्या खाली पाहू… मातीकडे.

इथे माती असते तरी किती?
जांभ्या दगडावर पातळसा थर.
काही ठिकाणी जेमतेम बोटभर.

धो धो पाऊस पडतो.
पाणी वाहताना मातीतलं अन्न घेऊन जातं.
चुना जातो… पालाश जातं… नत्र जातं.
मागे उरतं लोह.
आणि हे लोह स्फुरदाला घट्ट धरून ठेवतं.
मुळांना ते सहजी मिळत नाही.

मग रोपं जगतात कशी?
दवबिंदू नावाची इवली वनस्पती चिकट केसांवर किडे पकडते.
सीतेची आसवं ही दुसरी वनस्पती… नाव किती हळवं!
पण तिचे बारीक फुगे ओल्या मातीतले सूक्ष्म जीव गिळतात.
मातीत नत्र कमी, म्हणून ही शिकार.

आता पठार उतरून शेजारच्या दाट रानात या.
डोंगर तोच… पाऊस तोच…
माती मात्र काळसर, भुसभुशीत.
पानं गळतात. कुजतात.
पाऊस ते अन्न नेण्याआधीच मुळं बरंचसं उचलून घेतात.

डोंगर तोच, पाऊस तोच… पण झाडोरा बदलला की मातीतलं अन्नही बदलतं.

आणि वरून वाहून गेलेली माती?
तिचा काही भाग खाली खाचरांत थांबतो.
तिथे भात पिकतो.