माळरानावरचा फोटो कुणाचा?

पुणे शहरातल्या आम्हा बचत गटाच्या बायकांना आज तुमच्याशी फोटोबद्दल बोलायचं आहे. घरच्या अल्बममधल्या नव्हे, कपडे विकायला काढतात त्या फोटोबद्दल. फॅशनचे फोटो म्हणतात ते.

हिवाळा लागला की पुण्यातून फोटोवाल्यांच्या गाड्या निघतात. कुणी सासवड-जेजुरीकडे, कुणी सुपे, बारामती, इंदापूरच्या माळावर. ज्यांच्या हाती पैसा जास्त, ते थेट कच्छच्या रणात नाहीतर जैसलमेरच्या वाळूत जातात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच तिथलाही हंगाम. पावसाळ्यात रणात पाणी भरतं, ते आटून हिवाळ्यात मिठाची पांढरी जमीन उघडी पडते. उन्हाळ्यात तर तिथं उभं राहवत नाही.

आपल्याकडे तसं वाळूचं वाळवंट नाही. पण सह्याद्री ढग अडवतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि बारामती-दौंडकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. त्यामुळे तिकडे मोठी झाडी कमी आणि गवताचे माळ जास्त. दिवाळीनंतर ते गवत वाळून सोनेरी होतं. तुम्ही म्हणाल, त्या उजाड माळात काय ठेवलंय? फोटोवाल्याला तेच हवं असतं. मागं इमारत नाही, तार नाही, गर्दी नाही. साडीचा रंग तेवढा उठून दिसतो. राजस्थानातल्या बाया रखरखीत वाळूत लाल-पिवळी ओढणी घेतात, तिचा रंग लांबूनही कसा डोळ्यांत भरतो ते आठवा.

उजेडाचंही तसंच. मे महिन्यात पुण्यात दुपारी सूर्य डोक्यावर येतो, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. डिसेंबरात तो भर दुपारीही दक्षिणेकडे कललेला असतो. सात-साडेसात ते नऊ आणि संध्याकाळी साडेचार ते सहा, या वेळचं ऊन कोवळं असतं, कापडाचा पोत, टाका न् टाका दिसतो.

आमच्या गटात गोधड्या, खणाच्या पिशव्या आणि जाकिटं शिवतात. त्यांचे फोटो आम्ही मोबाईलवरच काढतो. त्यातून कळलेल्या चार गोष्टी सांगतो. भिंग आधी मऊ कापडानं पुसावं. वाळक्या गवतावर गर्द हिरवा, जांभळा, डाळिंबी रंग खुलतो. पिवळा आणि खाकी हरवून जातो. चेहऱ्यावर सावली पडली तर समोरून पांढरी चादर किंवा थर्माकोलचा तुकडा धरावा, ऊन त्यावरून परत चेहऱ्यावर येतं. आणि महत्त्वाचं म्हणजे, संध्याकाळच्या उन्हात पांढरं कापडही पिवळं दिसतं. म्हणून एक फोटो देखणा काढावा आणि एक सावलीत, खऱ्या रंगाचा. दोन्ही गिऱ्हाइकाला दाखवावेत. नाहीतर "फोटोत वेगळं होतं" म्हणून माल परत येतो.

आता मुख्य मुद्दा. आमच्या एका मैत्रिणीचे जाकीट घातलेले फोटो एका फोटोवाल्यानं हौसेनं, फुकट काढून दिले. तीन महिन्यांनी तोच फोटो एका दुकानाच्या जाहिरातीत दिसला. जाकीट आमचं, चेहरा तिचा, नाव दुकानाचं. घरी तिला चार दिवस बोलणी खावी लागली आणि पैसा एक मिळाला नाही.

मैत्रिणींनो, फोटोलाही मालक असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ते लिहिलेलं आहे. आपण पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा काही करार केला नसेल, तर त्याचे पहिले मालक आपण. कुणी आपल्या मनानं, फुकट काढला, तर साधारणपणे मालक तो. म्हणून फुकट मिळतंय तिथं आधी कागद करायचा. साध्या वहीच्या पानावर चालेल: फोटो कशासाठी, कुठं कुठं छापणार, किती महिने वापरणार, पैसे किती, दुसऱ्याला देणार की नाही. खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. वाचता येत नसेल तर गटातल्या मुलीकडून वाचून घ्यावं, मगच सही किंवा अंगठा. आणि नको वाटलं तर "नको" म्हणावं. त्यात उर्मटपणा काही नाही.

गावातल्या मैत्रिणींना आणखी एक सांगणं. माळ तुमच्या गावचा आहे. फोटोवाले येतात, तुमची बैलगाडी मागतात, मेंढ्या मागतात, नऊवारी नेसलेल्या आजीला मागं उभं करतात. शहरातल्या मॉडेलला दिवसाचे पैसे मिळतात, आजीला चहा. असं का? गाडीचे, जनावरांचे आणि उभं राहण्याचे पैसे आधी ठरवा. शिवाय येणाऱ्या मुलींची खरी अडचण वेगळीच असते. माळावर कपडे बदलायला आडोसा नसतो, संडास नसतो. तुमच्या गटानं एक स्वच्छ खोली, प्यायचं पाणी आणि पिठलं-भाकरीचं जेवण दिलं, तर चार महिन्यांचा जोडधंदा होईल. गायरानावर फोटो काढायला कुणी येत असेल तर तो विषय ग्रामसभेत घ्या.

माळालाही जपायला हवं. कागदोपत्री पडीक म्हटलं तरी तो रिकामा नसतो. तिथं चिंकारा आहे, लांडगा आहे, खोकड आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून भोवत्या पक्षी येतात आणि रात्री गवतातच, जमिनीवर झोपतात. फोटोसाठी रंगीत धुराच्या नळकांड्या पेटवतात, त्यातली एक ठिणगी वाळल्या गवताला पुरे. मग जनावरांचा चाराही गेला. सुप्याजवळचं मयूरेश्वर तर १९९७ पासून अभयारण्य आहे. तिथं आणि वनखात्याच्या कुठल्याही जमिनीवर आधी परवानगी, मग कॅमेरा. धूर नाही, ड्रोन नाही, कचरा नाही, ही अट पैशाच्या आधी सांगा.

तर येत्या बैठकीत एवढं करा. गटाच्या वहीत एक पान फोटोसाठी ठेवा आणि आपले दर, आपल्या अटी त्यावर लिहा. पुढच्या वेळी गाडी येऊन थांबली, की आधी ते पान पुढं करायचं.